कोसचा कुंभ आणि मोराबंदरचे खापर

माझी पुण्याची भाची गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर ग्रीसला जाऊन आली. अथेन्सला दोन दिवस आणि बाकी सगळा मुक्काम कोस नावाच्या बेटावर. दिवाळीला ती सेलूला आली तेव्हा लॅपटॉप उघडून तिने आम्हाला फोटो दाखवले. निळेशार पाणी, वाळूवर ओळीने लावलेल्या छत्र्या, डिकेओस डोंगराच्या उतारावरचे झिया गाव, किल्ल्याखाली ओस पडलेल्या जुन्या पिलीची दगडी घरे. कोस शहरातला तो प्रसिद्ध चिनारही होता. त्याच्या सावलीत हिपोक्रेटिस शिष्यांना वैद्यक शिकवत असे, असे तिथे सांगतात. झाड खूप जुने आहे, पण हिपोक्रेटिसाला होऊन चोवीसशे वर्षे झाली. तेवढे जुने ते नाही. अशा गोष्टी आपल्याकडेही प्रत्येक वडाखाली सांगितल्या जातात, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही.

“मामा, तुम्ही तीस वर्षं यवन-यवन करताय, आणि यवनांचा देश बघून मी आले,” असे म्हणून ती हसली. मी तिला एक फोटो मोठा करायला सांगितला. संग्रहालयात भिंतीला टेकवून ठेवलेला एक उंच मातीचा कुंभ होता. निमुळता तळ, लांब मान, दोन्ही बाजूंना कान. कान नीट पाहिले तर प्रत्येक कान म्हणजे मातीच्या दोन गोल वळ्या एकमेकींना चिकटवून केलेला. मी म्हणालो, “हा कान आपल्या ओळखीचा आहे.” तिला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, पण पूर्ण खरेही नव्हते. त्यातले खरे किती आणि माझी हौस किती, हे या लेखात सांगायचे आहे. वीस वर्षांपूर्वी मी एक चूक छापून बसलो होतो, तीही त्यात आली.

कोस हे बेट प्राचीन काळी दोन गोष्टींसाठी नावाजलेले होते. पहिली तिथली द्राक्षमदिरा. तिच्यात समुद्राचे पाणी घालत. आज ऐकायला विचित्र वाटते, पण रोमन लोकांना ती चव इतकी आवडली की केटोने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात घरच्या घरी कोसची मदिरा कशी करावी याची कृतीच दिली आहे. म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातच बनावट कोस मदिरेची पाककृती प्रतिष्ठित माणूस निःसंकोच लिहीत होता. मदिरेची नक्कल झाली तशी कुंभाचीही झाली. जोडकानाचा हा घाट इटलीतल्या कंपानिया प्रांतातल्या कुंभारांनी उचलला, मग स्पेन आणि गॉलमधल्यांनी. म्हणून जोडकान सापडला की तो कोसचाच, असे म्हणता येत नाही. माती पाहावी लागते. कंपानियाच्या मातीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीची काळी चमकदार वाळू असते. भिंग लावले तर ती ओळखू येते.

दुसरी गोष्ट कापड. अॅरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात कोसच्या पँफिले नावाच्या बाईचा उल्लेख केला आहे; किड्याच्या कोशापासून धागा काढून तिने पहिल्यांदा कापड विणले, असे तो सांगतो. कोसचे हे झिरझिरीत कापड पुढे रोममध्ये इतके लोकप्रिय झाले की नीतिमान लेखकांना त्याचा संताप येऊ लागला. अंग झाकत नाही ते वस्त्र कसले, अशी त्यांची तक्रार. मदिरा आणि झिरझिरीत कापड, या दोन मालांचा बाजार ज्या जगात तापला होता, त्याच जगाने पुढे गोदावरीच्या खोऱ्याकडे तोंड वळवले.

आता आपल्याकडे येऊ. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकाच्या मध्यास ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हे छोटे पुस्तक ग्रीक भाषेत लिहिले गेले. लेखकाचे नाव राहिलेले नाही. तो ग्रीसमधला नव्हता. इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक बोलणारा, स्वतः समुद्रावर फिरलेला व्यापारी असावा. ‘यवन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अथेन्सचा संगमरवर येतो, म्हणून हे आधी सांगितले पाहिजे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान देणारे धेनुकाकटाचे यवन, जुन्नरला पाण्याची टाकी खोदवणारा यवन इरिल, नाशिकच्या लेण्यात स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामितीचा योनक म्हणवणारा धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, यांतला कोणीही एजियन समुद्रातल्या बेटावरून थेट आला होता असे मानायला आधार नाही. इंद्राग्निदत्त तर आपले गाव स्वतःच सांगतो. यवन हा शब्द त्या काळी बराच ऐसपैस होता.

पेरिप्लसमध्ये आपल्या मुलखावर जेमतेम चार-पाच वाक्ये आहेत, पण ती सोन्याच्या मोलाची. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे मोठे शहर. पैठणहून गोमेदासारखे दगड पुष्कळ येतात, तगरहून जाडेभरडे कापड, निरनिराळ्या प्रकारची मलमल आणि फिकट जांभळ्या रंगाचे कापड. हा सगळा माल गाड्यांवर लादून मोठ्या बिकट वाटांनी भडोचला नेतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे फ्लीटने १९०१ मध्ये मांडले आणि ते टिकले. पुस्तकातली दिशा किंचित चुकली आहे. तेर पैठणच्या आग्नेयेला पडते. ज्याने ती नोंद केली तो स्वतः तेरला आलाच नसेल, गाडीवानांना विचारून लिहिले असेल.

आमच्या परभणी जिल्ह्याचे नाव या वाटेवर नाही. मी ते ओढूनताणून आणणार नाही. पण पैठणहून गोदावरी खाली आमच्याच पाथरी, सोनपेठ, गंगाखेडवरून जाते, आणि तेरची मलमल ज्या कापसाची होती त्या जातीचा देशी कापूस, ज्याला आमच्याकडे ‘गावराणी’ म्हणतात, तो याच काळ्या रानात परवापरवापर्यंत होता. परभणीच्या मेहबूब बागेतल्या कापूस संशोधन केंद्रात अजूनही त्यावर काम चालते. मानवतच्या मोंढ्यात लहानपणी कापसाच्या गाड्यांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. पेरिप्लसमधल्या त्या ‘गाड्या’ हा शब्द वाचताना मला दुसरे काही दिसत नाही. हे संशोधन नव्हे, हे मान्य.

गंमत अशी की आत आलेल्या मालाचे तुकडे सापडतात, बाहेर गेलेला माल इथे सापडणे शक्य नसते. तेरला १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केले. नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये सांकलियांनी. नेवाशाच्या अहवालात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे, म्हणजे अॅम्फोरांचे तुकडे नोंदलेले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला तर पंचगंगेच्या काठी समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती निघाली. समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावर येऊन समुद्रदेवाने काय केले असेल कोण जाणे. पण आपली मलमल? ती कुजून गेली. तिचा पुरावा पाहायला इजिप्तच्या वाळवंटात जावे लागते. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या बंदरात कोरड्या वाळूने कापूस टिकवला. तिथल्या उत्खननात सुती कापडाचे तुकडे सापडले. त्यांतल्या पुष्कळांच्या सुताचा पीळ इजिप्तच्या पिळाच्या उलट आहे. इजिप्तमध्ये सूत एका दिशेने वळत, हिंदुस्थानात दुसऱ्या. एवढ्यावरून कापड कुठले ते कळते. त्याच बेरेनिकेत देवळाच्या आवारात एका हिंदुस्थानी रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरीही मिळाली. मिऱ्याचे वजन होते, सुताचा पीळ दिसतो. ज्या बाईने ते सूत काढले तिचे गाव मात्र कळत नाही.

माल किनाऱ्याला कुठे लागत होता? पेरिप्लस सांगतो त्यात एक राजकीय भानगड आहे. कल्याण हे थोरल्या सारगनाच्या, म्हणजे एका सातकर्णीच्या काळात रीतसर बंदर होते. पुढे संदन नावाच्या अधिपतीच्या हाती ते गेले आणि व्यापार अडवला गेला. चुकून एखादे ग्रीक जहाज तिकडे आलेच तर पहाऱ्यात भडोचला धाडले जाई. शक आणि सातवाहनांच्या भांडणात बंदरांची नाकेबंदी झाली, आणि पैठण-तेरच्या गाड्यांना नाणेघाट उतरून जवळच्या कल्याणला जाण्याऐवजी वीस दिवसांची भडोचची वाट धरावी लागली. कल्याणला समुद्रातून जाण्याच्या दोन जलवाटा. एक वसईच्या खाडीतून, दुसरी मुंबईचे बंदर ओलांडून ठाण्याच्या खाडीने. या दुसऱ्या वाटेच्या तोंडावरच एक बेट उभे आहे. दोन टेकड्या, मध्ये दरी. घारापुरी.

घारापुरी म्हटले की शंकराची लेणी आणि तो सुमारे वीस फुटी सदाशिव. त्याबद्दल मराठीत इतके लिहिले गेले आहे की मी भर घालू शकत नाही. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये हे बेट घेतले, राजबंदरजवळच्या दगडी हत्तीवरून त्याला ‘एलेफंटा’ नाव दिले. हत्तीला इंग्रजांनी १८६४ मध्ये विलायतेला न्यायचे ठरवले, उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला राणीच्या बागेत नेऊन १९१४ मध्ये जोडले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. त्याहून मोठे नुकसान म्हणजे लेण्यातला शिलालेख. दिओगो दो कोउतोने लिहून ठेवले आहे की एक लेख असलेला दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला. तिथे तो कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे गहाळ झाला. तो दगड असता तर लेणी कोणी खोदली हा वाद उरलाच नसता.

मी पहिल्यांदा घारापुरीला गेलो २००४ च्या डिसेंबरमध्ये. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, तिथून गेटवेला लाँच. तासाभरात शेतबंदरचा धक्का. सगळे पायऱ्यांकडे गेले, मी मोराबंदरची वाट विचारली. (उरणजवळ ‘मोरा’ नावाचे दुसरेच बंदर आहे. तिथे उतरून मोराबंदर शोधणारा एक प्राध्यापक मला माहीत आहे.) बेटावर गावे तीन: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. वस्ती मिळून हजार-बाराशेची, आगरी-कोळी. तेव्हा वीज नव्हती. संध्याकाळी काही तास जनरेटर चाले आणि मग अंधार. समोर मुंबई रात्रभर झगमगत असे. समुद्राखालून केबल टाकून या तीन गावांत वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. ज्या बेटाचे नाव जगाच्या वारसायादीत १९८७ साली गेले, तिथल्या माणसांना दिवा मिळायला आणखी एकतीस वर्षे लागली.

मोराबंदरच्या बाजूला टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. ते शैव लेण्यांच्या कित्येक शतके आधीचे. खाली किनारा. माझ्या भाचीच्या फोटोत होता तसा किनारा मनात आणू नका. चिखल, तिवरांची झुडपे, ओहोटीला उघडे पडणारे काळे दगड. पोहायला कोणी येत नाही. पण त्या चिखलात खापरेच खापरे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हा किनारा तपासला होता आणि जुनी विटांची बांधकामे, परदेशी कुंभांचे तुकडे नोंदले होते. ते वाचूनच मी गेलो होतो. बरोबर मोराबंदरचे एक वयस्क गृहस्थ आले. मी वाकून वाकून पाहतो आहे हे बघून ते म्हणाले, “अशी खापरं आम्ही लहानपणी पाण्यावर भाकऱ्या थापायला वापरायचो.” चपटे खापर पाण्यावर फेकायचे आणि उड्या मोजायच्या, तो खेळ. आमच्या दुधना नदीवरही आम्ही तोच खेळत असू, फक्त खापरे सातवाहनांची असत. तेही तेव्हा ठाऊक नव्हते.

एक जाड, पिवळसर तुकडा मला दिसला. आपल्याकडच्या कुंभाराचा नाही हे उघड होते. चाकावरच्या रेघा ठळक, माती वेगळी. मी त्याचे दोन फोटो काढले, एक बाहेरच्या बाजूचा, एक आतल्या बाजूचा, आणि तुकडा होता तिथे ठेवला. किनाऱ्यावरची वस्तू उचलून आणायची नाही, एवढी शिस्त मी सुरुवातीपासून पाळली. दुसऱ्या शिस्तीत कमी पडलो.

पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात माझा लेख आला. मथळा होता ग्रीक मदिरेविषयी. खापराचा फोटो छापला, खाली लिहिले: यवनांचा मद्यकुंभ, इसवी सनाचे पहिले शतक. लेखात तेरची मलमल आणि कोसची मदिरा यांची देवघेव मी अशी रंगवली की जणू मी धक्क्यावर उभा होतो. लोकांना लेख आवडला. मला दोन ठिकाणी व्याख्यानाला बोलावणे आले. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभेत तर मी टाळ्याही घेतल्या.

मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. जे वाचले ते मिळेल तसे, मिळेल तेव्हा. त्यामुळे २००७ मध्ये रोबर्टा टॉम्बर या विदुषीने छापलेला एक निबंध माझ्या हाती आठ-नऊ वर्षे उशिरा आला. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या संग्रहांत ‘रोमन अॅम्फोरा’ म्हणून चिठ्ठी लावलेले तुकडे त्यांनी हाताळून पाहिले, आणि त्यांतले पुष्कळ रोमन नाहीतच असे दाखवले. ते मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडचे कुंभ होते. आकार लांबुळका, तळ टोकदार, कान मुळीच नाहीत. अभ्यासक त्यांना टॉर्पेडो कुंभ म्हणतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे आतला काळा थर. पातळ पदार्थ झिरपू नये म्हणून आतून नैसर्गिक डांबर फासलेले असे. श्रीलंकेतल्या अनुराधपुरात सापडलेल्या अशा तुकड्यांवरच्या डांबराची रासायनिक तपासणी झाली तेव्हा ते नैऋत्य इराणमधल्या सुसा भागातले निघाले. काळ साधारण तिसरे ते नववे शतक. घारापुरीच्या खापरांत हे दोन्ही प्रकार आहेत, खरे भूमध्य समुद्रावरचे आणि हे आखाती.

तो निबंध वाचून मी रात्रीच ट्रंक उघडली आणि जुने फोटो काढले. बाहेरच्या बाजूचा छापलेला. आतल्या बाजूचा कधीच न पाठवलेला. का पाठवला नव्हता, ते मला लख्ख आठवले. आतली बाजू काळी, मळकट दिसत होती. मला वाटले बंदरातल्या जहाजांचे तेल लागले असेल, छापल्यावर बरे दिसणार नाही. डांबर माझ्या हातात होते आणि मी ते घाण समजून बाजूला ठेवले.

मी संपादकांना पत्र लिहिले. अंक बंद पडून चार वर्षे झाली होती.

ही चूक ‘ग्रीक नव्हे, इराणी’ एवढ्यावर भागत नाही, म्हणून इतके लिहितो आहे. काळ बदलला की अर्थ बदलतो. पहिल्या शतकात मी तो तुकडा बसवला तेव्हा तो लेण्यांपासून तुटला. लेणी सहाव्या शतकातली. पण डांबराचा कुंभ तिसऱ्या ते नवव्या शतकातला, म्हणजे लेणी खोदणाऱ्या कारागिरांच्या हातचा असू शकतो. ज्या माणसांनी तो सदाशिव घडवला, ती माणसे ज्या धक्क्यावर उतरत होती, जिथे त्यांचे धान्य आणि हत्यारे येत होती, तिथल्याच चिखलात ही खापरे आहेत. कलचुरी राजा कृष्णराजाची लहान नाणी या बेटावर मोठ्या संख्येने सापडली आणि वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी लेणी कलचुरींशी जोडताना त्यांचा आधार घेतला. लहान नाणी म्हणजे मोठ्या सावकारांची नव्हेत. रोजंदारीची, किरकोळ बाजाराची. म्हणजे इथे बाजार होता. देऊळ ओसाड बेटावर ध्यानासाठी खोदलेले नव्हते, ते गजबजलेल्या बंदरावरचे देऊळ होते.

बदामीच्या चालुक्य पुलकेशीच्या ऐहोळे लेखात, ६३४ साली, पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून गौरवलेली पुरी नगरी त्याने शेकडो नौकांनी वेढल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, की राजापुरी, की आणखी कोणती, यावर शंभर वर्षे वाद आहे. घारापुरीच्या विरोधात नेहमी एक मुद्दा येतो: एवढ्याशा बेटावर राजधानी कशी मावेल? मुद्दा वजनदार आहे, आणि खापरांवरून राजधानी सिद्ध होत नाही. पण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण शेतबंदरला उतरतात, पायऱ्या चढतात, सदाशिव पाहतात आणि चारच्या लाँचने परत जातात. राजबंदरच्या बाजूची विटांची बांधकामे त्यांनी पाहिलेली नसतात. ती पाहून मग बेट लहान म्हणावे. माझे मत विचाराल तर राजधानी नसेलही, पण श्रीमंत बंदर होते, आणि त्या श्रीमंतीचा ओघ त्या काळात आखाताकडून येत होता, रोमकडून नव्हे.

मग आम्हा सगळ्यांना ग्रीकच का हवे असतात? मी माझ्यापुरते सांगतो. ‘यवनांचा कुंभ’ म्हटले की सभागृह जागे होते. ‘इराणी डांबराचा कुंभ’ म्हटले की मागच्या रांगेतले लोक उठतात. ग्रीसशी नाते सांगितले की आपली उंची वाढल्यासारखी वाटते. बसरा-सुसाशी सांगितले की वाढत नाही, कारण नसताना. तिसऱ्या ते नवव्या शतकातल्या कोकणी खलाशाला हा फरक कळला नसता. त्याला आखात जवळचे आणि रोज ये-जा असलेले. थायलंडमध्ये फनोम सुरिन इथे चिखलात रुतलेले नवव्या शतकाच्या सुमाराचे एक जहाज सापडले आहे, त्यातही हेच कुंभ आहेत आणि एकावर पहलवी लिपीत लेख आहे. आखातापासून थायलंडपर्यंतची एवढी लांब समुद्रवाट, आणि घारापुरी तिच्यावरचा एक टप्पा. हे कोसच्या मदिरेपेक्षा कमी आहे काय?

कोसचे नाते त्यामुळे खोटे ठरत नाही, फक्त त्याच्या जागी बसते. जोडकानाचा घाट इथपर्यंत पोचला. बहुतेक इटलीच्या वाटेने. पेरिप्लसही भडोचला चालणाऱ्या मदिरांत इटलीची पहिली सांगतो, मग लाओडिसियाची आणि अरबस्तानची. कोसचे नाव त्यात नाही. हे वाक्य मी २००४ मध्येही वाचले होते.

या जानेवारीत भाची आणि तिचा नवरा माझ्याबरोबर घारापुरीला आले. शेतबंदरला आता लाँचमधून उतरल्यापासून दुकाने सुरू होतात. मोराबंदरला नाहीत. तीन गावांत फिरायला आम्हाला चांगले चार तास लागले. शाळेच्या भिंतीवर मुलांनी काढलेला हत्ती होता, पंचायतीच्या टाकीजवळ बायकांची रांग होती. भाची म्हणाली, पिलीची घरं ओस पडलीत म्हणून लोक तिकीट काढून बघायला जातात. इथं माणसं राहतात तर कोणी वळून बघत नाही. नवरा तिचा कमी बोलणारा, त्याने विचारले की इथे रात्री राहता येते का. पर्यटकांना येत नाही, असे मी सांगितले.

ओहोटी होती. समोर न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या उंच यारी आणि रंगीत कंटेनरांच्या थप्प्या दिसत होत्या. मराठवाड्याचा कापूस आजही त्यांतूनच बाहेर जातो. भाचीने चिखलात एक जाड तुकडा दाखवला. “मामा, कान नाहीये याला.” मी म्हणालो, उलटून बघ. आतून काळा, तडकलेला थर. तिने दोन्ही बाजूंचे फोटो काढले, शेजारी मापाला दहा रुपयांचे नाणे ठेवून. मी तिला नाणे एकाच जागी ठेवून दोन्ही फोटो घ्यायला लावले. मग तुकडा होता तसा पालथा ठेवला आणि आम्ही शेतबंदरकडे निघालो, कारण परतीची लाँच थांबत नाही.